सिस्टिक फायब्रोसिस : रात्रीची झोप आणि दिवसाचा थकवा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, कोरमंगला येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत नाट्यसंगीत, संतवाङ्मय किंवा शहाजीराजांची बंगळूरची जहागीर असे विषय शोभून दिसतात, याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. आम्ही मात्र एका रोगाविषयी, आणि त्या रोगातीलही झोप व थकवा या दोनच गोष्टींविषयी बोलावयाचे ठरविले आहे. आम्ही वैद्य नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन केंद्र शासनाच्या सेवेत शिरलो आणि हयात फायलींत गेली. परंतु हा रोग आमच्या घरी वस्तीला आहे, आमच्या कन्येस तो जन्मतः आहे. त्यामुळे गेल्या वीस वर्षांत याविषयी पुष्कळ वाचावे लागले, पुष्कळ डॉक्टरांच्या दारांशी बसावे लागले. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो. यातील कोणतीही गोष्ट आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणी अमलात आणू नये, एवढे आरंभीच सांगून टाकतो.

रोगाचे नाव सिस्टिक फायब्रोसिस. मराठीत त्याला सर्वमान्य नाव नाही, आणि आम्हीही एखादे संस्कृतप्रचुर नाव पाडण्याच्या भानगडीत पडत नाही. न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन या विदुषींनी १९३८ साली या रोगाचे पहिले सुसंगत वर्णन केले. पुढे १९४८ च्या उन्हाळ्यात त्या शहरात उष्म्याची मोठी लाट आली, तेव्हा उन्हाने कोसळून रुग्णालयात येणाऱ्या मुलांत या रोगाची मुले फार असल्याचे ध्यानात आले. डॉ. पॉल दि सांत'आन्येझे यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि या मुलांच्या घामातून मीठ वाजवीपेक्षा कितीतरी अधिक जाते असे १९५३ साली दाखवून दिले. आजही निदानाची मुख्य कसोटी घामाचीच आहे. घामातील क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे ६० मिलिमोल किंवा त्याहून अधिक भरले, तर हा रोग असल्याचा प्रबळ संशय घेतात. युरोपातील जुन्या बायाबापड्यांना हे आपल्या परीने ठाऊकच होते. ज्या बाळाचा मुका खारट लागतो ते फार दिवस जगत नाही, अशी समजूत तिकडे शतकानुशतके चालत आली होती.

मूळ दोष सातव्या गुणसूत्रावरील एका जनुकात आहे. १९८९ साली तो शोधून काढला गेला. हे जनुक पेशींच्या पृष्ठभागावर मिठाची जणू एक मोरी बांधते. ती मोरी बांधलीच गेली नाही किंवा तुंबली, तर शरीरातील सगळे पातळ स्राव घट्ट व चिकट होतात. फुफ्फुसांत कफ साचतो व त्यात जंतू ठाण मांडतात, स्वादुपिंडाचे पाचक रस वाटेतच अडतात, नाकामागील पोकळ्या भरून राहतात. माता आणि पिता दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच रोग होतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याच्या बाबतीत तो होण्याची शक्यता चारात एक असते. आपल्याकडे मामेबहिणीशी आणि इकडे दक्षिणेत तर मामा-भाचीचेही विवाह होत आले. रक्ताच्या नात्यात ही शक्यता वाढते, हे लग्ने जुळविणाऱ्या ज्येष्ठांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

हा गोऱ्यांचा रोग, हिंदुस्थानात तो नाहीच, अशी समजूत बराच काळ होती. १९६० च्या दशकापासून भारतीय बालकांतील उदाहरणे प्रसिद्ध होऊ लागली, तरीही समजूत पुसली गेली नाही. परिणामी ज्याला महिनोन्‌महिने खोकला आहे, वजन भरत नाही आणि छातीच्या चित्रात डाग आहेत, अशा मुलाला आपल्याकडे बहुधा क्षयच ठरविले जाते. देशात क्षय इतका आहे की डॉक्टरांस तरी किती दोष द्यावा! आमची कन्या नऊ वर्षांची होईपर्यंत आमच्या बदल्यांच्या एका गावी क्षयाचे संपूर्ण औषध घेऊन बसली होती. घामाची तपासणी झाली ती त्यानंतर. याच्या उलट गंमत शोपँ या पोलिश संगीतकाराच्या बाबतीत झाली. तो १८४९ साली ३९ व्या वर्षी वारला, तो क्षयाने असे सारे जग मानीत होते. मग काही अभ्यासकांनी त्याला सिस्टिक फायब्रोसिस असावा असा तर्क मांडला. शेवटी वॉर्सा येथे जपून ठेवलेल्या त्याच्या हृदयाचे बरणीबाहेरून निरीक्षण करून २०१७ साली तज्ज्ञांनी पुन्हा क्षयाकडेच बोट दाखविले.

आता मुख्य विषयाकडे वळतो. पूर्वी ही मुले शाळेत जाण्याच्या वयापर्यंतही क्वचितच पोचत. आज इंग्लंड-अमेरिकेत या रोगाच्या रुग्णांत निम्म्याहून अधिक प्रौढ आहेत. आपल्याकडेही विशीतले, तिशीतले रुग्ण दिसू लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु प्रौढ झाले म्हणजे नोकरी आली, लग्नाचा विचार आला, घरभाडे आले, आणि या सर्वांच्या भरीला दररोज दोन-तीन तास वाफारे, छाती मोकळी करण्याचे व्यायाम आणि मूठभर गोळ्या आल्या. अशा तरुणांना आपला सर्वांत मोठा त्रास कोणता असे विचारले, तर पुष्कळदा ते खोकल्याचे नाव घेत नाहीत. थकवा, असे म्हणतात. रात्री झोप लागत नाही आणि दिवसा अंग उचलत नाही. बाहेरून मात्र काही दिसत नाही. हात मोडला तर प्लास्टर दिसते. इथे चांगली हसतीबोलती मुलगी दुपारी तीन वाजता टेबलावर डोके टेकते, आणि पाहणारे म्हणतात, आजकालची पिढीच आळशी!

येथे एक भेद प्रथम करावयास हवा. डोळ्यांवर झापड येणे निराळे आणि थकवा निराळा. पहिल्यात माणूस बसल्या जागी पेंगतो, आणि झोप मिळाली की ताजा होतो. दुसऱ्यात दहा तास झोपूनही शरीर शिशाचे वाटते. रात्रीची झोप मोडल्याने पहिले होते, आणि दुसऱ्याची कारणे पुष्कळदा रक्तात, फुफ्फुसांत, स्वादुपिंडात किंवा मनात दडलेली असतात. अनेकांना दोन्ही एकदमच असतात. डॉक्टरांकडे जाऊन नुसते ‘थकवा येतो’ म्हटल्यास शक्तिवर्धक औषधाची बाटली मिळते. तेच ‘वाचताना पेंगते, बसमध्ये पेंगते, जेवणानंतर हटकून पेंगते, सकाळी डोके दुखते’ असे सांगितल्यास तपासाला दिशा मिळते. दोन आठवड्यांची एक साधी वही ठेवावी. किती वाजता अंथरुणावर पडलो, कितीदा उठलो, कशासाठी उठलो, सकाळी कसे वाटले, एवढे लिहिले तरी पुरे. सरकारी नोकरीने आम्हांस नोंदवहीचे व्यसन लावलेच होते. त्याचा असा उपयोग होईल हे स्वप्नातही नव्हते.

झोप का मोडते? पहिले कारण उघड आहे, खोकला. आडवे होताच साचलेला कफ जागा बदलतो आणि उबळ येते. नाक चोंदलेले असेल, आत मांसल वाढ असेल, तर तोंडाने श्वास घ्यावा लागतो, घसा कोरडा पडतो. जेवण घशाशी येण्याचा विकार या रोगात पुष्कळ आढळतो, तोही आडवे झाल्यावर बळावतो आणि खोकल्यास आमंत्रण देतो. पूर्वी कफ निघावा म्हणून डोके खाली, पाय वर अशा अवस्थेत झोपवून छातीवर थापट्या मारीत. आता बहुतेक ठिकाणी डोके खाली करणे सोडून दिले आहे, याचे एक कारण हेच.

दुसरे कारण दिसत नाही, म्हणून अधिक कपटी आहे. निद्रेची एक अवस्था अशी असते की तिच्यात आपण स्वप्ने पाहतो. त्या वेळी निसर्ग शरीराचे बहुतेक स्नायू सैल सोडून देतो. फासळ्यांमधील आणि मानेचे स्नायू, ज्यांच्या जोरावर दुखणाईत फुफ्फुसे दिवसभर हवा ओढीत असतात, तेही सैल पडतात. निरोगी माणसाला याने काही होत नाही. ज्याची फुफ्फुसे आधीच काठावर आहेत, त्याच्या रक्तातील प्राणवायू मात्र या वेळी घसरतो. स्वप्नावस्था रात्रीच्या उत्तरार्धात अधिक काळ टिकते, म्हणून घसरण पहाटे अधिक. कर्बवायूही साचू लागला तर सकाळी उठताना डोके जड होते, दुखते. गंमत अशी की हीच व्यक्ती दुपारी डॉक्टरांपुढे बसली असता बोटावरचा आकडा अगदी बरा दाखवितो.

बोटावरचा आकडा म्हणजे काय, हे २०२० आणि २०२१ च्या साथीनंतर या सभागृहात कोणास सांगावयास नको. घरोघरी तो चिमटा आला. परंतु झोपेतील घसरण पाहावयाची तर रात्रभर नोंद ठेवणारे यंत्र लागते. ते रुग्णालयातून एका रात्रीपुरते घरी आणता येते. आमच्या कन्येच्या त्या नोंदीचा कागद आम्ही पुष्कळ वेळ पाहात बसलो होतो. मध्यरात्रीपर्यंत रेघ सरळ, आणि साडेतीननंतर करवतीच्या दात्यांसारखी खाली-वर. त्या कागदाने वर्षभराच्या ‘मला सकाळीच गळून जायला होते, बाबा’ या वाक्याला पुरावा दिला. तिला जंतुसंसर्गावरचा औषधक्रम दिला गेला, कफ काढण्याची पद्धत फिजिओथेरपिस्टकडून नव्याने शिकवून घेतली, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा नोंद घेतली तेव्हा दाते बरेच बोथट झाले होते. पूर्ण गेले नव्हते. ज्यांची घसरण मोठी असते किंवा कर्बवायू साचतो, त्यांना रात्री प्राणवायू, किंवा नाकातोंडावर मुखवटा बसवून श्वासाला हातभार लावणारे यंत्र द्यावे लागते. ज्यांच्या घोरण्याबद्दल, श्वास अडण्याबद्दल शंका असेल त्यांची रात्रभराची संपूर्ण निद्रातपासणी करतात. कोरमंगलावासीयांना यासाठी फार दूर जाणे नको. आपल्या उंबऱ्यावर सेंट जॉन्स रुग्णालय आहे, होसूर रस्त्याने थोडे पुढे निमहान्स आणि त्याच्या शेजारी छातीच्या रोगांची राजीव गांधी संस्था आहे.

तिसरे कारण लघवीला उठणे. यावर घरचे हसतात आणि रात्री पाणी कमी पी म्हणतात. हा सल्ला घातक ठरू शकतो. स्वादुपिंड कित्येक वर्षे चोंदून राहिल्याने या रोगातील प्रौढांपैकी सुमारे ४० ते ५० टक्क्यांना एक विशिष्ट प्रकारचा मधुमेह जडतो. त्याची पहिली खूण पुष्कळदा एवढीच असते की वजन घटते, अंगात त्राण राहात नाही आणि रात्री दोन-तीनदा उठावे लागते. म्हणून दरवर्षी साखर पाजून रक्त तपासण्याची रीत आहे. यात सामान्य मधुमेहासारखे खाणे तोडून चालत नाही. या रुग्णांना अन्न, स्निग्धांशासह, भरपूरच लागते, आणि साखर इन्सुलिनने आवरतात. शेजारच्या काकूंनी सांगितलेले कारल्याचे रस व भाताची बंदी येथे अपाय करतात. काकूंच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही.

औषधेही झोप मोडतात. श्वासनलिका उघडणारी औषधे छाती धडधडवितात, स्टेरॉइडच्या गोळ्या रात्री मेंदूला जागे ठेवतात, म्हणून त्या बहुधा सकाळीच घेण्यास सांगतात. आणि एक औषध असे की ज्यास आपण औषध मानीतच नाही. बंगळूरची फिल्टर कॉफी! तिच्यातील उत्तेजक द्रव्याचा अर्धा अंश चार-पाच तासांनीही रक्तात असतो. सायंकाळी सातला घेतलेला पितळी टंबलर मध्यरात्री जागा असतो. आम्ही या शहरात येऊन कॉफीला लागलो ते कायमचे, पण घरात चारनंतर ती उकळत नाही.

दिवसाच्या थकव्याची कारणे शोधताना रक्ताची यादी लांबलचक होते. लोह कमी, जीवनसत्त्व ड कमी, कधी यकृताची कुरकुर. स्निग्धांश पचत नसल्याने अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे अंगी लागत नाहीत, म्हणून ती वेगळी द्यावी लागतात. जेवताना पाचक रसाच्या कॅप्सूल चुकल्या तर खाल्लेले तसेच निघून जाते. लग्नाच्या पंगतीत संकोचाने कॅप्सूल न घेणारी मुले आम्ही पाहिली आहेत. लोह कमी असले तर थकव्याबरोबर रात्री पाय वळवळतात, स्वस्थ पडू देत नाहीत. फक्त लोहाची गोळी मनाने सुरू करू नये. जुनाट संसर्गात लोहाचे आकडे फसवे असतात.

मिठाविषयी दोन शब्द अधिक. निरोगी पन्नाशीच्या माणसाला डॉक्टर मीठ कमी करा म्हणतात. याच घरातील या रोगाच्या तरुणाला मीठ वाढवावयास सांगतात. एका टेबलावर दोन नियम! बंगळूर साधारण नऊशे मीटर उंचीवर वसल्याने हवा सौम्य, म्हणून येथे विसर पडतो. मे महिन्यात उद्यान एक्सप्रेसने गुलबर्गा-सोलापूरकडे निघाले की घामावाटे मीठ जाऊ लागते, पोटऱ्यांत गोळे येतात, डोके दुखते, आणि माणूस गळाठतो. प्रवासाचा शीण म्हणून सगळे त्याकडे दुर्लक्ष करतात. मीठ घातलेले ताक, पेज, लिंबाचे लोणचे, कोकमाचे सार, हा आपल्या स्वयंपाकघरातला साठा अशा वेळी उपयोगी पडतो. किती मीठ, हे मात्र डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. नेहमीचा थकवा एकाएकी वाढला, जिन्याचा एक मजला चढताना थांबावे लागू लागले, भूक मंदावली, कफाचा रंग वा प्रमाण बदलले, तर ती फुफ्फुसातील संसर्ग उसळल्याची पूर्वसूचना असू शकते. ताप येईलच असे नाही. अशा वेळी ‘दोन दिवस विश्रांती घे’ म्हणून थांबू नये, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. खोकल्यातून रक्त आले, ओठ निळसर झाले किंवा सकाळी नीट जागच येईना, तर त्याच घटकेस.

मग रात्र कशी आखावी? आमच्या घरची रीत सांगतो, ती नियम म्हणून घेऊ नये. जेवण साडेसातच्या आत, म्हणजे आडवे होण्यापूर्वी तीन तास. कफ काढण्याचा व्यायाम झोपण्याच्या अगदी तोंडावर ठेवीत नाही, कारण खारट पाण्याच्या वाफाऱ्याने काहींचा खोकला पुढे तासभर चालतो. तो नऊच्या आधी संपतो. नाक कोमट मिठाच्या पाण्याने धुणे, आपली जलनेतीच म्हणा ना, डॉक्टरांना मान्य आहे, पण पाणी उकळून निवविलेलेच हवे. पलंगाच्या उशाकडील दोन पायांखाली लाकडी ठोकळे ठेवून तो बाजू उचललेला आहे. नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडते आणि जेवण अधिकच वर येते. सकाळी उठण्याची वेळ रविवारीही तीच. दुपारची डुलकी वीस-पंचवीस मिनिटांची, तीनच्या आधी. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नये, उठून मंद दिव्यात बसावे आणि झोप आली की परतावे, हे कोणासही लागू पडते. निद्रानाशावरील या शिस्तीचे एक शास्त्रशुद्ध शिक्षण असते, मानसोपचारतज्ज्ञ ते काही बैठकांत देतात, आणि दीर्घकाळच्या निद्रानाशात गोळीच्या आधी तेच सुचविले जाते.

झोपेच्या गोळीविषयी निक्षून सांगावेसे वाटते. आपल्या समाजात ती साखरेसारखी उसनी दिली जाते. मावशींना लागू पडली, तू अर्धी घेऊन पाहा! ज्याचा श्वास झोपेत आधीच मंदावतो, त्याला यातील कित्येक गोळ्या आणखी मंदावतात. मद्याचेही तेच. घरात ठेवलेला प्राणवायूही मनाने वाढविण्याची वस्तू नव्हे. कर्बवायू साचणाऱ्या रुग्णात तो वाढविल्याने अपाय होऊ शकतो.

व्यायामाने थकलेला माणूस अधिक थकेल, असे वाटणे साहजिक आहे. अनुभव व अभ्यास दोन्ही उलट सांगतात. चालणे, पोहणे, सायकल, जे झेपेल ते नेमाने केल्यास कफ सुटतो, झोप गाढ लागते. प्राणायामाविषयी आम्हांस प्रत्येक समारंभात कोणी ना कोणी विचारते. मन शांत होण्यास त्याचा उपयोग होतो, कफ काढण्याची जागा तो घेत नाही. दिवसाची शक्ती मोजून खर्च करणे हेही शिकावे लागते. जड कामे सकाळच्या बऱ्या तासांत, दोन कामांमध्ये खंड, आणि बरे वाटणाऱ्या एका दिवशी आठवड्याची सगळी कामे उरकण्याचा मोह टाळणे.

मनाचा भाग वेगळा काढता येत नाही. या रोगात उदासी व चिंता सामान्य लोकांपेक्षा अधिक आढळतात. २०१६ साली अमेरिकन आणि युरोपीय संस्थांनी मिळून सुचविले की बारा वर्षांवरील प्रत्येक रुग्णाची दरवर्षी याबाबत विचारपूस व्हावी, आणि लहान रुग्णांच्या मातापित्यांचीही व्हावी. हा दुसरा भाग वाचून आमच्या गृहिणी काही वेळ बोलल्या नाहीत. वर्षानुवर्षे पलीकडच्या खोलीतील खोकला ऐकत झोपलेल्या आईची झोप मुलगी मोठी झाल्यावरही परत आलेली नसते. खोकला ऐकू आला तर जाग येते, आणि ऐकू आला नाही तरी जाग येते.

नोकरीचा प्रश्न या कोरमंगल्यात विशेष तीव्र आहे. येथील कित्येक कार्यालयांचे घड्याळ अमेरिकेच्या वेळेवर चालते. आमची कन्या ज्या कंपनीत होती तेथे रात्री साडेअकराच्या बैठकीनंतर सकाळी नऊला हजेरी असे. तिच्या वरिष्ठांनी वार्षिक शेऱ्यात कामात रस नसल्याचे लिहिले. डॉक्टरांचे पत्र आणि रात्रीची ती नोंद पुढे ठेवल्यावर वेळ बदलून मिळाली, पण त्यात सात महिने गेले आणि तेवढ्यात तिचे चार किलो वजन घटले. कायद्याचा आधार येथे लंगडा आहे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या २१ प्रकारांच्या यादीत थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल आहेत, सिस्टिक फायब्रोसिसचे नाव नाही. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरणात मात्र ते आहे, पाचक रसाच्या कॅप्सूलच्या संदर्भात. त्या धोरणाखाली निवडक केंद्रांमार्फत मिळावयाच्या साहाय्याची मर्यादा २०२२ साली ५० लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. बंगळुरात इंदिरा गांधी बालआरोग्य संस्था व सेंटर फॉर ह्यूमन जेनेटिक्स मिळून असे एक केंद्र आहे. धोरणांचे कागद वाचण्यात आमचा जन्म गेला, म्हणून सांगतो, अर्ज करावा आणि पोच जपून ठेवावी.

मूळ दोषावरच घाव घालणाऱ्या गोळ्या आता निघाल्या आहेत. तीन द्रव्यांचे एक संयुक्त औषध अमेरिकेत २०१९ साली मान्य झाले. पुष्कळांचा खोकला काही आठवड्यांत निवळला, वजन भरले, झोप सुधारली. काहींची झोप मात्र त्याच गोळीने बिघडल्याचेही नोंदले गेले आहे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळीची वेळ बदलून काहींना आराम पडला. त्याची तेथील जाहीर किंमत वर्षाला तीन लाख डॉलरांहून अधिक होती. आपल्या देशातील सामान्य कुटुंबाच्या हाती ते लागणे कठीण, आणि दुसरी अडचण अशी की ते ज्या जनुकदोषावर मुख्यतः चालते तो भारतीय रुग्णांत युरोपीयांपेक्षा बराच कमी आढळतो. म्हणून आपल्या मुलाचा जनुकदोष नेमका कोणता, हे तपासून कागदावर ठेवणे अगत्याचे आहे.

आता मंडळापुरते बोलतो. गणेशोत्सवात धूप आणि कापूर यांनी हे सभागृह भरून जाते. पुढच्या वर्षी एक बाजूच्या खिडक्या उघड्या राहतील अशी व्यवस्था व्हावी. या रोगाचे दोन रुग्ण असतील तर त्यांना जवळजवळ बसवू नये. कौतुकाने ‘तुमचेही तेच ना, या, ओळख करून देतो’ असे करू नये, कारण एकाच्या फुफ्फुसातील जंतू दुसऱ्यास लागतात. त्यांनी परस्परांत दोन मीटर अंतर राखावे असा दंडक आहे. त्यांची मैत्री फोनवर होऊ द्यावी. उटीची सहल ठरविताना ध्यानात असावे की ते २,२४० मीटर उंचीवर आहे, आणि विमानाच्या आतील हवाही जवळपास तितकीच विरळ असते. ज्यांचा प्राणवायू काठावर असतो त्यांनी आधी डॉक्टरांना विचारूनच निघावे.

आणि कोजागिरी. त्या रात्री कोण जागे आहे असे लक्ष्मी विचारीत फिरते म्हणतात. आपण गच्चीवर केशरी दूध आटवितो, गाणी होतात, बारा वाजून जातात. आमची कन्या गेली दोन वर्षे साडेनवाला उठून घरी जाते. जिना उतरेपर्यंत चारजण अडवून ‘इतक्यात? बरं नाही का?’ असे विचारतात आणि ती प्रत्येकास नव्याने उत्तर देते. यंदा दूध थोडे लवकर आटवावे, तिचा पेला नऊला द्यावा, आणि तिला जाऊ द्यावे.